काळ्या साडीवरची पांढरी पूड

गेल्या वर्षीच्या भोंडल्यात माझा श्वास गाण्याच्या मध्येच संपला. इथे परदेशात, हर्नडन गावातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात टेबलं भिंतीला सरकवून आम्ही फेर धरला होता, मधे पाटावर हत्ती मांडला होता, आणि मी नेहमीप्रमाणे गाणं सांगत होते. भोंडल्यात एकीनं पुढे सांगायचं आणि बाकीच्यांनी हात धरून गोल फिरत मागून म्हणायचं, अशी रीत. इथे गेली कित्येक वर्षं ती एक म्हणजे मी. माझी गाणी कागदावर नाहीत, तोंडात आहेत. ती गायची असतात चालता चालता, आणि त्यातली निम्मी अशी की प्रत्येक कडव्याला आधीच्या सगळ्या कडव्यांचं शेपूट लागत जातं. तिसऱ्या गाण्याचं असंच शेपूट लांबलेलं असताना छाती आवळली आणि पुढचा शब्द बाहेरच येईना.

इथल्या मराठी मंडळाचं सगळं हल्ली एक नागपूरची मुलगी बघते. मुलगी म्हणजे तशी चाळिशीची, सॉफ्टवेअरमधली, फार गोड आणि फार झटपट. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दुसऱ्या हातानं फोन स्पीकरला जोडला. कुठल्यातरी अनोळखी बाईच्या आवाजात माझं उरलेलं गाणं सुरू झालं. फेर फिरायला लागला. कोणाचंच काही अडलं नाही, आणि तेच मला फार लागलं.

खिरापत ओळखून, खाऊन झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "काकू, नेक्स्ट इयर टेन्शनच नको. आपण सगळी गाणी प्लेलिस्टवर टाकू. तुम्ही फक्त मधे बसा ना, मस्तपैकी."

"मधे हत्ती बसतो," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. गाडीत बसेपर्यंत माझं ठरलं होतं की पुढच्या भोंडल्यात गाणी माझ्याच तोंडून होतील, सगळी, शेवटच्या कडव्यापर्यंत. कशी होतील ते मला माहीत नव्हतं.

मला सीओपीडी आहे. फुप्फुसातल्या हवेच्या वाटा अरुंद होऊन बसण्याचा जुनाट आजार. तो जात नाही, त्याला सांभाळून घ्यावं लागतं. ही चार अक्षरं उच्चारली की समोरचा माणूस आधी माझ्या बोटांकडे बघतो, सिगारेटचे डाग दिसतात का म्हणून. दवाखान्यात नर्स विचारते, डॉक्टर विचारतात, पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात, जणू मधल्या काळात मला काहीतरी आठवलं असेल. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. मी काय ओढलं ते सांगते.

या देशात आले त्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं की फोडणीचा वास लोकरीच्या कोटाला लागतो आणि महिनाभर जात नाही. लेक शाळेत जायला लागल्यावर एक दिवस त्या वासावरून रडत घरी आली. तेव्हापासून फोडणी, तळण, भाजणं सगळं गॅरेजमध्ये गेलं. इथल्या कितीतरी मराठी घरांत हे आहे. घरात चकचकीत ओटा आणि गॅरेजमध्ये गाडीशेजारी खरा स्वयंपाक. मी तर दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचे. चकल्या, शेव, अनारसे, घाणे संपता संपत नसत. गॅरेजचं दार वीतभर उघडं ठेवायचे, थंडी वाढली की तेही खाली ओढायचे. त्याच्याही आधी लहानपणी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली मी. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं झालं हे सांगता येणार नाही, पण धुराचा हात असू शकतो. मला काही शंका नाही. कोट स्वच्छ राहिले आणि धूर माझ्याकडे आला.

तर औषध. डॉक्टरांनी मला श्वासातून घ्यायचं औषध दिलं होतं, तेही भोंडल्याच्या कितीतरी आधीपासून. ते कॅप्सूलमध्ये येतं, पण कॅप्सूल गिळायची नसते. मुठीएवढ्या एका यंत्रात ती ठेवायची, बाजूची बटणं दाबली की तिला भोकं पडतात, मग यंत्राला तोंड लावून श्वास आत ओढायचा. आतली पूड श्वासाबरोबर फुप्फुसात जायला हवी. हे रोज करायचं, बरं वाटत असलं तरी करायचं. नाहीतर वाटा पुन्हा सुजतात आणि प्रत्येक वेळी थोड्या कायमच्या आवळतात.

मी रोज करत होते. दात घासून झाले की, चहाच्या आधी, ताठ बसून. आणि माझ्या दृष्टीनं फार उत्तम करत होते, कारण श्वास ही एक गोष्ट मला येते याबद्दल मला लहानपणापासून शंका नव्हती.

माझी आत्या दुपारी वाती वळायला बसायची आणि मला समोर बसवायची. कापसाचा एक पुंजका चिमटीत धरून ती तो माझ्या नाकाशी आणायची. श्वास आत घ्यायचा, बाहेर सोडायचा, पण पुंजक्यातला एक तंतूही हलता कामा नये. हलला की, "हा भाता झाला. श्वास नव्हे." ज्या श्वासाचा आवाज शेजारच्याला ऐकू येतो तो अर्धवट श्वास, असं तिचं मत होतं, आणि वात वळता वळता ती ते दहा वेळा सांगायची. मी शिकले. इतकी शिकले की आज दर मंगळवारी इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आमच्या वयाच्या बायकांना तोच श्वास शिकवते. सावकाश, लांब, बिनआवाजाचा.

त्याच श्वासानं मी औषध घ्यायचे. आत्याला अभिमान वाटावा इतक्या सावकाश. जिभेवर थोडी गोडसर चव यायची, मी समजायचे की औषध पोचलं. मग यंत्र उघडून कॅप्सूल सिंकखालच्या डब्यात टाकायची, खळखळून चूळ भरायची आणि चहा ठेवायचा.

आणि तरी मी खालावत होते. भोंडल्यानंतरच्या तपासणीत नळीत फुंकायला लावलं, आकडे आणखी घसरलेले. डॉक्टरांनी विचारलं, औषध रोज घेता का. मी म्हटलं, रोज. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या लेकीकडे वळून विचारलं की ती औषध घेते का. मी तिथेच बसले होते. त्यांच्या आणि लेकीच्या बरोबर मधे.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "आय थिंक सो," ती म्हणाली.

संध्याकाळी त्या भेटीची टिपणं फोनवर आली. इथे ती पेशंटलाही वाचता येतात, ही चांगली सोय आहे, रक्त उकळवून घ्यायचं असेल तर. त्यात लिहिलं होतं, पेशंट औषध नियमित घेत नसण्याची शक्यता. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, चिडू नकोस," लेक म्हणाली. "पण बी ऑनेस्ट हं. स्किप होतं का कधी? इट्स ओके. लोक विसरतात."

"लोक विसरत असतील. मी कुणाच्या वाढदिवसाला फोन करायला विसरले आहे का कधी?"

"दॅट्स नॉट द सेम."

तिनं माझ्या फोनवर गजर लावला. गजर वाजला की तिला मेसेज जाणार आणि मी 'घेतलं' असं दाबायचं. एका शनिवारी ती घरी आली असताना सिंकखालच्या डब्यात वाकून रिकाम्या कॅप्सूल शोधताना, हाताला काही लागायच्या आतच, मी तिला रंगेहाथ पकडलं. वकील आहे ती. पुरावा गोळा करत होती, स्वतःच्या आईविरुद्ध. मी तिला चहा दिला नाही. ती काळजीनं करत होती हे मला कळत होतं, पण कळलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे?

दुसरीकडे आमच्या मंगळवारच्या वर्गातल्या बायका. त्यांचं उलटंच. "पंपाची सवय लागते गं. एकदा लागला की सुटत नाही." "तू तर प्राणायाम शिकवतेस, तुला कशाला हवं ते?" "सोड ते आणि सकाळ-संध्याकाळ कपालभाती कर." मी एकीला विचारलं, चष्मा लागला तेव्हा सवय लागेल म्हणून काढून ठेवला होतास का? ती म्हणाली, चष्म्याचं वेगळं. म्हणजे घरच्यांना वाटत होतं की मी औषध घेत नाही, बाहेरच्यांना वाटत होतं की मी घेऊ नये, आणि मी दोन्हींच्या मधे बसून रोज सकाळी इमानेइतबारे घेत होते आणि जिना चढताना धापा टाकत होते. त्या दिवसांत मला एकटीला रडू यायचं. भीतीनं नाही, अपमानानं.

संक्रांत आली. जवळच एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं आणि मी काळी चंद्रकळा नेसले होते. साडी नेसणं आता माझ्यासाठी मोठं काम झालं होतं. निऱ्या घालून झाल्या की बसावं लागायचं. त्या दिवशी सकाळी उठायला उशीर झाला होता, औषध राहिलं होतं, लेक न्यायला आली होती आणि दारात उभी राहून गाडीच्या किल्ल्या वाजवत होती. मी सोफ्यावर बसूनच औषध घेतलं. सावकाश, लांब, बिनआवाजाचा श्वास. मग यंत्र उघडलं. एरवी मी ते डब्यावर उपडं करते. तिथे सोफ्यावर कॅप्सूल उडून माझ्या मांडीवर पडली.

काळ्या साडीवर पांढरी पूड सांडली. आधी वाटलं, मघाशी तिळाच्या वड्या डब्यात भरल्या त्याची पिठीसाखर असेल. बोटानं उचलली, जिभेला लावली. गोडसर. रोजची चव.

मी कॅप्सूल उचलून बोटांनी ठोकली. तिच्यातून आणखी पूड सांडली. जवळजवळ भरलेली होती ती.

"चल ना आई, लेट होतोय," लेक म्हणाली.

"इकडे ये," मी म्हटलं. "बस खाली. तुला पुरावा हवा होता ना?"

तिनं पाहिलं. लगेच फोन काढला आणि त्या यंत्राचा व्हिडिओ शोधला. पडद्यावर एक म्हातारा गोरा माणूस यंत्राला तोंड लावून असा जोरात श्वास ओढत होता की जेवणाच्या टेबलावर कोणी असं केलं असतं तर आत्यानं त्याला उठवलं असतं. आणि आतून आवाज येत होता, घर्रर्र, कॅप्सूल गरगर फिरण्याचा. लेकीनं व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा लावला.

"आई, ती कॅप्सूल वाजायला हवी. तुझी वाजते?"

"नाही. आपल्याकडे श्वास वाजत नाही."

"वेल, इट्स सपोज्ड टू!" ती ओरडली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तू रोज घेत होतीस. ओ गॉड. रोज."

"रोज," मी म्हटलं.

आम्ही हळदीकुंकवाला गेलो. मी साडी झटकली नाही. विचारणाऱ्यांना सांगितलं की डाग आहे, राहू दे. घरी आल्यावर ती न धुता तशीच घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडीवर पसरून तिच्यावरच औषध घेतलं, मुद्दाम, त्या म्हाताऱ्यासारखा जोर लावून. मला खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कॅप्सूल वाजलीच नाही. नुसती जराशी थरथरली आणि बसली. यंत्र उघडलं तर पूड तेवढीच सांडली.

मग मी वेळ घेऊन डॉक्टरांकडे गेले, तीच काळी साडी नेसून. बाहेर बर्फ होतं. साडीखाली लोकरी पायमोजे आणि बूट, वरून जाड जॅकेट. वेटिंग रूममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी जॅकेट काढून मांडीवरचा डाग सगळ्यांना नीट दिसेल अशी बसले.

डॉक्टर भला माणूस आहे, माझ्या लेकीच्या वयाचा असेल. मी त्याला डाग दाखवला आणि तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलं आहे त्याचं हे उत्तर, असं माझ्या इंग्रजीत सांगितलं. माझ्या इंग्रजीला रागात फार छान धार येते. त्यानं डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, घेऊन दाखवा. मी घेतलं. कॅप्सूल गप्प. त्यानं कपाळाला हात लावला. असं घेऊन दाखवा हे त्यानं मला आधी कधी म्हटलंच नव्हतं. औषध दिलं होतं, यंत्राचं चित्र दिलं होतं, आणि मी मान हलवली होती.

पहिल्यांदा त्यालाही वाटलं की मला जोरात ओढायला शिकवलं की झालं. त्यानं एक छोटी मापाची नळी आणली, माणूस किती जोरानं हवा ओढू शकतो ते दाखवणारी. मी जीव खाऊन ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही वेळा त्या यंत्राला लागतो तितका जोर भरला नाही. माझ्या छातीत तेवढा जोर उरलाच नव्हता. त्यानं आणखी सराव करा असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं.

मी म्हटलं, "मला जन्मभर एकच श्वास येतो. लांब आणि सावकाश. आणि आता या छातीत दुसरा मावत नाही. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, माझ्या श्वासाला चालणारं एकही नाही? की मीच बदलायचं, यंत्रानं काहीच करायचं नाही?"

तो उठून कपाटातून दुसरं एक यंत्र घेऊन आला, सरावाचं, आत औषध नसलेलं. खालचा भाग पिळला आणि बटण दाबलं की त्यातून आपोआप बारीक तुषार निघतात, धुक्यासारखे, आणि थोडा वेळ निघत राहतात. ओढायला जोर लागत नाही. उलट यात जोरात ओढलं तर औषध घशातच आपटतं. हा श्वास हळू, खोल आणि लांब हवा.

मी तोंड लावलं आणि आत्यासमोर बसल्यासारखा श्वास घेतला.

"परफेक्ट," डॉक्टर म्हणाला. "मी बहुतेकांना हे शिकवताना दमतो."

"मग हे आधी का नाही दिलंत?"

इन्शुरन्स कंपनीला पहिलं यंत्र पसंत असतं म्हणून सगळ्यांना तेच देतो, असं तो म्हणाला. निदान खरं बोलला. निघण्याआधी मी त्याला ते वाक्य बदलायला लावलं. त्यानं खोडलं आणि लिहिलं की पेशंट औषध नियमित घेत होती, यंत्र तिला योग्य नव्हतं. मी त्याच्या मागे उभी राहून स्पेलिंगसकट तपासलं.

इन्शुरन्सचं पुढचं रामायण मी थोडक्यात सांगते. त्यांनी आधी नाही म्हटलं. फोनवरची बाई म्हणाली की नवीन यंत्र मिळण्यासाठी तुम्ही आधी पसंतीच्या यंत्रावर फेल व्हायला हवं. मी म्हटलं, मी फेल झालेले नाही, तुमचं यंत्र फेल झालं आहे, आणि माझ्याकडे साडी आहे. तिला साडीचं कळलं नाही. मग लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि कोर्टात वापरते त्या आवाजात बोलायला लागली. तो आवाज मी याआधी फक्त माझ्यावर वापरलेला ऐकला होता. दुसऱ्या कुणावर वापरताना तो किती सुंदर वाटतो ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरनंही चिकाटीनं कळवलं. शेवटी मंजूर झालं, आणि तोवर त्यानं कपाटातली नमुन्याची औषधं देऊन मला निभावून नेलं.

चमत्कार झाला नाही. पहिले काही आठवडे तर फरकच वाटेना. मग एक दिवस बेसमेंटमधून कपड्यांची टोपली घेऊन वर येताना लक्षात आलं की मी फोनवर बोलत बोलत चढले. वसंतात इथे झाडांचे पराग उडून गाड्या पिवळ्या होतात, त्या दिवसांत मी दर वर्षी झोपून असायचे. या वेळी खोकत होते, पण उभी होते.

खरी परीक्षा पुढे आली, उन्हाळ्यात, बरं वाटायला लागल्यावर. आपल्या माणसांना बरं वाटलं की औषध डोळ्यांत खुपायला लागतं. मंगळवारच्या बायका म्हणाल्या, आता तजेला आलाय चेहऱ्यावर, आता हळूहळू कमी कर. मी म्हटलं, तजेला त्याच्यामुळेच आलाय, आणि तो माझ्याकडेच राहणार आहे. मलाही एखाद्या सकाळी कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. चहाचं आधण उकळत असायचं आणि वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे. मग मला तो स्पीकर आठवायचा, त्या अनोळखी बाईचा आवाज आठवायचा. मी यंत्र पिळायचे.

लेकीकडे एकदा पाहुणे येणार होते. मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिनं ओटा आवरताना माझं यंत्र गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी ते तिच्यादेखत काढून पुन्हा चहाच्या आणि साखरेच्या डब्यांच्या मधे ठेवलं, आहे त्या जागी.

"लपवायला मी काय चोरी केलीय?" मी विचारलं. "तुझ्या कोटांसाठी मी एकदा गॅरेजमध्ये गेले. आता कुठेच जाणार नाही."

त्यानंतर ते यंत्र तिनं कधी हलवलं नाही.

मंगळवारच्या वर्गात मी एक नवीन गोष्ट सुरू केली. म्हटलं, ज्यांच्याकडे कोणतंही श्वासाचं औषध आहे त्यांनी पुढच्या वेळी ते घेऊन यायचं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं होतं एक-दोघी आणतील. पण पर्सच्या तळाशी, रुमालात गुंडाळून, चष्म्याच्या डब्यात, जवळजवळ निम्म्या वर्गाकडे निघालं, आणि कोणालाच दुसरीचं माहीत नव्हतं. एकजण यंत्रात फुंकत होती, ओढायचं सोडून. एकीनं ते फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या डब्याशेजारी ठेवलं होतं, खराब होऊ नये म्हणून. आणि ती चष्म्याचं वेगळं म्हणणारी! तिच्याकडे रोजचं औषध होतं आणि ती ते सणासुदीच्या भांड्यांसारखं जपून ठेवत होती, अगदी दम लागला की काढायचं. मी त्यांना औषध शिकवलं नाही, ते माझं काम नव्हे. एवढंच सांगितलं की डॉक्टरांच्या समोर घेऊन दाखवा, त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा, मान हलवून परत येऊ नका. प्रत्येक यंत्राला वेगळा श्वास लागतो. आत्याचा श्वास सगळीकडे चालत नाही, हे तोंडातून निघताना मला जड गेलं.

ऑक्टोबर आला. नागपूरच्या मुलीचा फोन आला. "काकू, प्लेलिस्ट रेडी आहे हं. साउंड पण टेस्ट केला."

"प्लेलिस्ट राहू दे. गाणी मी सांगणार आहे."

"अहो काकू, पण लास्ट टाइम..."

"लास्ट टाइम माझं यंत्र चुकीचं होतं."

तिला काय कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "बरं, मग बॅकअप म्हणून स्पीकर ठेवते फक्त. चालेल ना?"

"ठेव," मी म्हटलं. "हात लावू नकोस."

तीच शाळा, तोच कॅफेटेरिया, टेबलं पुन्हा भिंतीला. मी रोजचं औषध सकाळी घेतलं होतंच. शिवाय चालण्याआधी घ्यायचा एक छोटा पंप असतो, डॉक्टरनं सांगून ठेवलेला, पटकन वाटा मोकळ्या करणारा. तो लांब नळकांड्यातून घ्यावा लागतो. इतरजणी असं काही बाथरूममध्ये जाऊन करतात. मी हत्तीच्या पाटाशेजारी, सगळ्यांच्या मधे उभी राहिले, पर्समधून पंप काढला, नळकांडं जोडलं आणि घेतला. बायका अचानक हत्तीची फुलं नीट करायला लागल्या. माझी नात मात्र तोंड उघडं टाकून बघत होती.

"आजी, इज दॅट अ व्हेप?" तिनं खणखणीत आवाजात विचारलं.

व्हेप म्हणजे ती विजेवरची सिगारेट. लेकीनं डोळे मिटले.

"व्हेप नव्हे गं, पंप," मी म्हटलं. "माझ्या फुप्फुसांना लागतो. दुसरा पफ घ्यायचाय, जवळ येऊन बघ." ती आली आणि तिनं नीट पाहिलं. तिच्या मागून आणखी चार पोरी आल्या.

मग फेर धरला आणि मी गायला लागले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. पाय हळू टाकत होते, त्यामुळे सगळा फेरच हळू फिरत होता. तिसरं गाणं तेच, गेल्या वर्षीचं, शेपूट लांबत जाणारं. गेल्या वर्षी जिथे अडले होते ते कडवं ओलांडलं तेव्हा मला हसू आलं. पुढचं कडवंही गेलं. आणि त्याच्या पुढच्यात, अगदी शेवटाजवळ, एका शब्दावर छाती आवळली आणि आवाज बंद झाला.

असंच होणार होतं. मी बरी झालेली नव्हते. मी बरी होणार नाही हे मला माहीत आहे. फेर अडखळत थांबला. माझ्या डाव्या हातात लेकीचा हात होता, तो घट्ट झाला. नागपूरची मुलगी साखळी सोडून स्पीकरकडे निघाली.

मी उजवा हात सोडवून वर केला, तळवा तिच्याकडे. ती जागच्या जागी उभी राहिली.

"संपलं नाहीये अजून," लेक म्हणाली. मराठीत, आणि त्या कोर्टातल्या आवाजात.

कोणी खुर्ची आणली नाही. हातात हात धरून सगळ्या बायका आणि पोरी उभ्या राहिल्या आणि माझी वाट बघू लागल्या. मी ओठ आवळून श्वास हळूहळू बाहेर सोडला. मग नाकानं आत घेतला, सावकाश, लांब. पुन्हा सोडला, पुन्हा घेतला. बऱ्याच वेळानं जो श्वास आला त्याला आवाज नव्हता. त्याच्यापुढे कापूस धरला असता तर हलला नसता.

मी हात खाली घेतला आणि ज्या शब्दावर अडकले होते त्याच शब्दापासून पुढे सांगायला लागले.